लेबलं खरवडलेले डबे

त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. आपणही वस्तादच म्हणू, पण अहो-जाहो करणार नाही. तो मान त्याने एकतीस वर्षं दुसऱ्यांना खाली बसवून कमावला होता, आणि मला त्या माणसाचा राग आहे.

काम त्याचं एकच, गिअरबॉक्स. इंजिनाला तो हात लावत नसे, ब्रेककडे बघत नसे, आणि पंक्चरवाल्याला तर माणसांतच धरत नसे. हाताने गिअर टाकायच्या, जोरात पळणाऱ्या गाड्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये लांबलांबून यायच्या. शेडच्या मागच्या कोपऱ्यात एक जाड, तेलकट पडदा होता आणि पडद्यामागे फळीवर तेलाचे चार डबे. तिथे वस्तादाशिवाय कुणी जायचं नाही, हा नियम. तेल तो सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्या शहरातून स्वतः जाऊन आणायचा आणि शेडमध्ये आणण्याआधी ब्लेडने डब्यांवरची लेबलं खरवडून काढायचा. कुठल्या डब्यात काय आहे, ते फक्त त्याच्या नाकाला माहीत. तो डब्यात बोट बुडवायचा, अंगठ्यावर चोळायचा, बोट नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचा आणि लांब श्वास घ्यायचा. गिऱ्हाइकं हे बघायलाच थांबायची. काही जण मोबाइलवर चित्रणही करायचे. वस्तादाचे डोळे मिटलेले असायचे, तरी आपलं चित्रण चाललंय हे त्याला बरोबर कळायचं.

आता तेलाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गिअरबॉक्सच्या पोटात पितळेच्या कड्या असतात. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना दोन चक्रांचा वेग जुळवायचा, हे त्यांचं काम. कड्या धड असल्या तर गिअर अलगद पडतो, नसल्या तर खर्रकन ओरडतो. तेलं दोन जातींची, कारागीर त्यांना चार आणि पाच म्हणतात. चार गिअरबॉक्सचं. पाच मागच्या ॲक्सलचं, जिथे पोलादावर पोलाद जोरात घासतं. पाचमध्ये गंधक असतं. पोलादाला ते मानवतं, पितळेला मात्र खातं, आणि वर इतकं निसरडं की पितळेच्या कडीला पकडच मिळत नाही. दोन्ही तेलं मधाच्या रंगाची, दोन्ही सारखीच दाट. चारचा वास मंद, मेणासारखा. पाचचा नाकात झोंबणारा, सडक्या अंड्याच्या वळणावर जाणारा. एखादं हौशी गिऱ्हाईक म्हणायचं, "पाच मोठा ना वस्ताद? मग पाचच घाला." त्यावर वस्ताद म्हणायचा, "दोन मापं मोठा बूट घेतला म्हणून पाय वाढतो का?" शेडमधले सगळे हसायचे. एवढं मात्र कबूल करायला हवं, त्याला त्याचं काम येत होतं.

शेडमध्ये दुसरा माणूस एकच, त्याचा धाकटा भाऊ. तेरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा एकविसाव्या वर्षी कामाला लागला, तो आता चाळिशीला टेकला होता. कानशिलं पिकली होती, घरी बायको आणि दोन मुली होत्या, पण शेडमध्ये त्याला अजूनही सगळे धाकटाच म्हणायचे. वजनं उचलायची, बॉक्स गाडीखालून उतरवायचा, उघडायचा, धुवायचा, परत चढवायचा, हे त्याचं काम. तेलाला हात लावायचा नाही. तेल मोजणार वस्ताद, ओतणार वस्ताद, बूच आवळणारही वस्ताद.

पहिल्याच आठवड्यात धाकट्याने विचारलं होतं, "दादा, वासावरून कसं ओळखतोस रे?"

वस्तादाने दोन बोटं दोन डब्यांत बुडवून त्याच्या नाकापुढे धरली. "झोंबतो तो चार. मंद तो पाच. नीट डोक्यात ठेव."

म्हणजे बरोब्बर उलटं. कारण साधं होतं. खरं सांगितलं, तर हा उद्या समोरच शेड टाकेल. त्या दिवशी जेवताना त्याने बायकोला हे सांगितलं आणि ठसका लागेपर्यंत हसला. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झालेली. नवरा हसतोय म्हणून तीही हसली.

धाकट्याने ते डोक्यात ठेवलं. कधीमधी त्याला शंका यायची. ॲक्सलमधून काढलेलं तेल त्याला झोंबायचं. पण बाहेरून आलेल्या गाडीत आधी कुणी काय भरलंय याचा नेम नसायचा, आणि दादाच्या शब्दापुढे आपलं नाक ते काय, असं त्याचं होतं. तसं त्याला शिकवलंच होतं. लहर लागली की वस्ताद चारचौघांत जळक्या तेलाचं बोट त्याच्या नाकाखाली धरायचा. "सांग, किती पळालंय?" धाकटा वास घेऊन सांगायचा, "वीस हजार." वस्ताद म्हणायचा, "चूक." पंधरा म्हटलं तरी चूक, तीस म्हटलं तरी चूक. बरोबर किती, ते कधीच सांगायचा नाही. एकदा धाकट्याने चांगल्या मनाने एका डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. वस्तादाने चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. "ज्याला नाक नाही त्याने वाचावं," म्हणाला. त्या वेळी धाकट्याची थोरली मुलगी जेवणाचा डबा द्यायला आली होती. ती डबा तिथेच ठेवून धावत घरी गेली.

आणि मग वस्तादाचं नाक गेलं.

साधं सर्दी-तापाचं निमित्त. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित, काही महिन्यांत, नाहीतर नाही. वस्ताद कुणाला काही बोलला नाही. पण बायकोपासून किती लपणार? एका सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, तर स्वयंपाकघर करपट वासाने भरलेलं, दूध करपून पातेल्याला काळं लागलेलं, आणि हा शेगडीपासून दोन हातांवर बसून शांतपणे पेपर वाचतोय.

"वास नाही आला तुम्हाला?"

"लक्ष नव्हतं."

तिने पातेलं उचलून नळाखाली धरलं. "कधीपासून?" तिने विचारलं. त्याने पेपरचं पान उलटलं आणि तिला उत्तर मिळालं.

त्याची भीती आपण समजून घेऊ, दया करायची गरज नाही. बोटांनी बॉक्स जुळवणारे गावात आणखी दहा होते. नाकाने तेल सांगणारा एकच. हे नाक गेल्याचं बाहेर कळलं असतं, तर ज्या ज्या माणसाला त्याने आजवर तुच्छ लेखलं, तो प्रत्येक जण चहा प्यायच्या निमित्ताने शेडमध्ये येऊन त्याच्या तोंडाकडे बघून गेला असता. ते त्याला सोसलं नसतं.

दोन महिने त्याने निभावलं. डब्यांची जागा पाठ होती, डावीकडून पहिला चार, दुसरा पाच. उरलेले दोन डबे आकाराने लहान, किरकोळ तेलांचे, त्यांचा प्रश्न नव्हता. वास घ्यायचं नाटक तो आधीसारखंच करायचा, उलट थोडं जास्तच. मग फळीला वाळवी लागली. वस्ताद तेल आणायला दुसऱ्या शहरात गेलेला असताना फळी मोडून पडायला आली, म्हणून धाकट्याने डबे खाली उतरवले, नवी फळी ठोकली आणि डबे परत मांडून ठेवले.

"होते तसेच ठेवलेस ना?" वस्तादाने आल्यावर विचारलं.

"हो दादा. बहुतेक."

त्या एका 'बहुतेक'ने त्याची झोप उडवली. नवीन आणलेल्या डब्यांवरची लेबलंही त्याने सवयीने वाटेतच खरवडून, पुसून टाकली होती. आता डावीकडून पहिला चार होता का पाच, आणि नव्यातलं कुठलं काय, काही कळायला मार्ग नव्हता. कुठल्या नव्या डब्यात काय आहे, ते आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. खरवडलेल्या डब्यांवर आठवण्यासारखं काही नव्हतं.

अशा वेळी दातांच्या डॉक्टरची गाडी तयार झाली. गडद हिरवी, बुटकी, दोन दारांची, तीस वर्षांपूर्वीची शर्यतीची गाडी. डॉक्टर शांत माणूस होता. त्या बॉक्सच्या पितळी कड्या आता कुठे बनत नाहीत. जगभर पत्रं लिहून, चौदा महिने वाट बघून त्याने शेवटचा संच मिळवला होता आणि स्वतःच्या हाताने कापसात गुंडाळून आणून दिला होता. आठ दिवसांनी डोंगरावरच्या रस्त्यावर शर्यत होती. बॉक्स जुळला, चढला. राहिलं फक्त तेल. डॉक्टर दुपारचे रुग्ण पुढे ढकलून शेडमध्ये येऊन बसला. "वस्ताद, आज तुमचं नाक बघायचंय," म्हणाला.

वस्ताद पडद्यामागे गेला. दोन्ही डब्यांत बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली. काहीच नाही. पाण्यात बोट घातल्यासारखं. तेल उद्या घालू, म्हणता आलं असतं. नवा डबा लेबलासकट आणता आला असता. पण बाहेर माणूस नाक बघायला बसला होता. वस्तादाला एक युक्ती सुचली, आणि तो स्वतःवरच खूश झाला.

दोन वाट्यांत दोन तेलं घेऊन तो बाहेर आला. "ये रे धाकट्या. एकोणीस वर्षं झाली. आज डॉक्टरांसमोर तुझी परीक्षा. यातलं चार कुठलं?"

धाकट्याने हात पुसले. एक वाटी उचलली, मग दुसरी. परत पहिली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पहिली वाटी नाकात झोंबली. झोंबतो तो चार. एकोणीस वर्षं डोक्यात ठेवलेलं. "हे," तो म्हणाला. "हे चार, दादा."

वस्तादाने वाटी घेतली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणि सबंध आयुष्यात भावाला कधी न म्हटलेला शब्द म्हणाला.

"बरोबर."

स्वतःचीच थाप वस्ताद साफ विसरला होता. ज्याने ती ऐकली, तो विसरला नव्हता. दोन लिटर पाच त्या पितळी कड्यांवर ओतलं गेलं, बूच आवळलं गेलं, डॉक्टर हात मिळवून गेला. धाकटा संध्याकाळपर्यंत तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. मी त्याला दोष देत नाही. तो त्याच्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता.

संध्याकाळी तो दादाकडेच जेवायला थांबला. वहिनी वाढत होती. "वहिनी, आज दादा 'बरोबर' म्हणाला मला," त्याने सांगितलं. "डॉक्टरांसमोर. मी नुसता वास घेतला आणि ओळखलं. झोंबतो तो चार. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं यानं."

वहिनीचा हात ताटावरच थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पहिला घास तसाच हातात धरून बसला होता. धाकटा आपला जेवत होता, आणखी मागत होता.

तो गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याला उलटं सांगितलं होतं. आपण हसलो होतो."

"तुझ्या लक्षात काहीतरीच राहतं."

"डॉक्टरांना फोन करा. गाडी आणून तेल काढून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, तुम्हीच म्हणता नेहमी."

"आधी बघतो."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्याने दोन्ही डब्यांतलं तेल घरी आणलं, दोन टिनपाटांत ओतलं, प्रत्येकात एक-एक चकचकीत पितळी वायसर सोडला आणि मंद आचेवर ठेवलं. तासाभरात बायकोने नाकाला पदर लावला आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. शेजारीण विचारायला आली, गटार फुटलं का म्हणून. वस्ताद टिनपाटावर तोंड धरून बसला होता. त्याला कसलाच वास येत नव्हता. तीन तासांनी त्याने चिमट्याने वायसर काढले. एक होता तसा, दुसरा, डॉक्टरच्या गाडीत घातलेल्या तेलातला, काळा.

म्हणजे आता त्याला माहीत होतं. इथून पुढे त्याची चूक म्हणता येत नाही. इथून पुढे ते त्याने केलेलं आहे.

बायको फोन घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तो बाजूला ठेवला. "माझ्या हातची गाडी एकतीस वर्षांत परत आलेली नाही," तो म्हणाला. "बोलावून काय सांगू?" ती आत निघून गेली, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. त्याने मात्र काळा वायसर तारेने पाचच्या डब्याच्या मुठीला बांधला आणि पिवळा चारच्या. ही खूण त्याला फार आवडली. चिठ्ठीही नाही, आणि वास घ्यायची गरजही नाही.

शर्यतीनंतर डॉक्टरचा फोन आला. तिसरा गिअर ओरडतोय, चढावर दोनदा निसटला, शर्यत सोडून द्यावी लागली.

"नव्या कड्या आहेत डॉक्टर. बसायला वेळ लागतो. दाबून पळवा, दोन हजार किलोमीटर."

डॉक्टरचा विश्वास होता. त्याने दाबून पळवली. तेल जितकं तापलं, तितकं पितळ खात गेलं. महिन्याने परत फोन आला. वस्तादाने परत तेच सांगितलं. धाकटा शेजारी उभा राहून ऐकत होता आणि मान डोलवत होता.

चार महिन्यांनी गाडी ट्रकवर चढवून आणली. दुसरा, तिसरा, चौथा, कुठलाच गिअर पडत नव्हता. धाकट्याने बॉक्स उतरवला, बाकावर उघडला. डॉक्टर समोर स्टुलावर बसला होता. धाकट्याने पहिली कडी बाहेर काढून फडक्याने पुसली. काळी. दात झिजून गुळगुळीत झालेले. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. डॉक्टरने एक कडी हातात घेतली, कापसातून आणली होती तशीच दोन बोटांत धरली.

धाकटा त्या काळ्या पितळाकडे बघत राहिला. हा रंग त्याने पडद्याच्या फटीतून रोज बघितला होता. मग तो नियम मोडून पडद्यामागे गेला. डब्याला बांधलेला काळा वायसर हातात घेतला. झाकण उघडून वास घेतला. झोंबला. शेजारच्या पिवळ्या वायसरच्या डब्याचा घेतला. मंद. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. एकोणीस वर्षं मनात लावायची, म्हणजे तेवढा वेळ लागणारच.

बाहेर वस्ताद डॉक्टरला सांगत होता, "काय करणार डॉक्टर, हा आमचा धाकटा. तुमच्यासमोरच त्याने डबा दाखवला. यानेच चुकीचं तेल सांगितलं."

"पण 'बरोबर' तुम्ही म्हणालात," डॉक्टर म्हणाला. "वास घेऊन."

तेवढ्यात धाकटा पडदा सारून बाहेर आला. त्याने एक बोट पुढे धरलं होतं.

"दादा, डोळे मीट," तो म्हणाला. "सांग, कुठलं?"

नाही म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर बघत होता. ट्रकवाला भाड्यासाठी थांबला होता, तोही बघत होता. वस्तादाने नेहमीसारखे डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मनात हिशेब केला. हा चिडलाय, हा पाचच आणणार.

"पाच," तो म्हणाला.

"चूक."

वस्तादाने डोळे उघडले. बोट कोरडं होतं.

ट्रकवाला हसला. डॉक्टरने तिन्ही कड्या रुमालात बांधल्या आणि गाडी तशीच उघड्या बॉक्ससकट ट्रकवर चढवायला सांगितली. जाताना तो धाकट्याला म्हणाला, "तुमची काही चूक नाही." वस्तादाकडे त्याने बघितलंही नाही.

आता शेड धाकटाच चालवतो. पडदा काढून टाकलाय, डब्यांवर रंगाने हातभर मोठे आकडे लिहिलेत, आणि गिऱ्हाइकं पूर्वीपेक्षा वाढली आहेत. वस्तादाला त्याने घालवलं नाही. दारातच एक स्टूल देऊन बसवलंय. लोकांना वाटतं, भाऊ चांगला आहे, सांभाळतो. नवं गिऱ्हाईक आलं की धाकटा बोट पुढे करून दारात जातो. "दादा, सांग." वस्ताद डोळे मिटून वास घेतो, कारण तापाच्या डॉक्टरने म्हटलं होतं, येईल कदाचित. मग एक आकडा सांगतो. धाकटा म्हणतो, "चूक," आणि सगळे हसतात. त्याची थोरली मुलगी डबा घेऊन आली असली, तर तीही हसते.

कधीकधी धाकटा बोट खरंच तेलात बुडवून आणतो. वस्तादाला त्यातला फरक कळत नाही.